रोप नर की मादी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. अशा वेळी बोलायला उभं राहणाऱ्याने फार लांबण लावू नये, हे आम्हाला कळतं. मागच्या खोलीतून मोदकांचा वास येतो आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. सारणात नारळ, गूळ, वेलची आणि वरून किसलेलं जायफळ. जेवणात सोलकढी, म्हणजे कोकम. आता गंमत बघा. नारळाच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. नारळाचं कुठलंही रोप लावा, नीट वाढलं तर ते लागणार. जायफळ आणि कोकम यांचं तसं नाही. त्यांच्यात बहुतेक करून नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फळ मादीलाच. आणि रोप हातात घेऊन कितीही निरखलं, तरी ते नर आहे की मादी हे कळत नाही. कळतं ते झाड फुलल्यावर, आणि फुलायला सात-आठ वर्षं लागतात.

हे आम्ही पुस्तकात वाचलं नव्हतं. आमच्या घरामागे शिकलो.

आम्ही 1984 साली सिल्वासात आलो. तेव्हा इथे सुताचे कारखाने नव्याने उभे राहत होते आणि आपल्यापैकी पुष्कळ जण त्याच निमित्ताने आले. नरोलीच्या बाजूला घर बांधलं तेव्हा मागे दहा गुंठे जागा राहिली. रत्नागिरीकडच्या आमच्या गावाहून आई इथे राहायला आल्या, त्या येताना रातांब्यांची पिशवी घेऊनच. सालं काढून आमसुलं घातली, बिया धुऊन पिशव्यांत लावल्या. धाकट्या मुलीने त्यांना मदत केली. 2005 च्या जूनमध्ये त्यातली आठ रोपं जमिनीत गेली. आम्ही विचारलं, “आई, एवढी आठ कशाला?” त्या म्हणाल्या, “लावा आठ. चार तरी लागतील.”

कोकणातल्या माणसाला हा हिशेब माहीत असतो. बियांपासून केलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात. आम्ही शहरात वाढलेले, आम्हाला वाटलं की आई रोपं मरण्याचा हिशेब धरताहेत.

आई 2010 साली गेल्या. झाडं तेव्हा डोक्याएवढी झाली होती, पण एकावरही फूल नव्हतं. पुढे दोन वर्षांनी हिवाळ्यात सहा झाडं फुलली. आम्ही हरखून गेलो आणि उन्हाळ्याची वाट पाहत बसलो. फळ धरलं दोनच झाडांवर. मग गावच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, “फूल उघडून बघा. मध्ये हिरवा गोल गड्डा असेल तर मादी. नुसते केसर असतील, फुलं झुपक्याने आली असतील, तर तो नर.” पुढच्या मोसमात उरलेली दोन फुलली. शेवटचा हिशेब असा: तीन माद्या, पाच नर. पाच झाडांना आम्ही आठ वर्षं पाणी घातलं होतं.

सात-आठ वर्षं म्हणजे माणसाच्या आयुष्यात थोडी नव्हेत. आमच्या घरातलं एक माणूस तेवढ्या काळात गेलं. ज्याचं पोटच बागेवर आहे, त्याचं काय होत असेल?

निवृत्तीनंतर आम्ही पपई लावायचं ठरवलं. एका रोपवाटिकेतून चाळीस रोपं आणली. तिथल्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं, “सगळी मादी आहेत, गॅरंटी.” नेहमीपेक्षा भावही जास्त घेतला. पाच महिन्यांनी एकोणीस झाडांना लांब लोंबणाऱ्या देठांवर फुलांचे तुरे आले. म्हणजे नर. परत जाऊन भांडण्यात अर्थ नव्हता. त्याला तरी काय कळत होतं? त्याने जे ऐकलं होतं ते आम्हाला विकलं.

अशा ऐकीव परीक्षा पुष्कळ आहेत. बी पाण्यात बुडालं तर एक, तरंगलं तर दुसरं. सोटमूळ सरळ असलं तर नर, फाटे असले तर मादी. दोऱ्याला अंगठी बांधून रोपावर धरायची, गोल फिरली तर मादी. यातल्या कुठल्याही परीक्षेत निम्मी उत्तरं बरोबर येणारच, कारण उत्तरं दोनच आहेत. नाणं उडवलं तरी तेवढीच बरोबर येतात. नर पपईच्या खोडात खिळा ठोकला की ती फळ देते, हेही आपण ऐकलेलं असतं. त्यामागे थोडं तथ्य आहे, पण ते खिळ्यात नाही. नर पपईच्या तुऱ्यात हवामान बदललं की काही फुलं उभयलिंगी निघतात आणि लांब देठावर एखाद-दुसरं फळ लोंबू लागतं. ज्याने त्याच सुमारास खिळा ठोकलेला असतो, तो गावभर सांगत सुटतो. ज्याच्या खिळ्याने काही झालं नाही, तो गप्प बसतो.

मग खरी परीक्षा आहे का? आहे. आणि तिच्यातलं महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालं आहे. आमची धाकटी मुलगी महाविद्यालयात जीवतंत्रज्ञान शिकवते. पपईची कथा ऐकून ती आधी भरपूर हसली आणि मग तिने आम्हाला हे सगळं समजावलं. तिच्याकडून घेतलेलं तुम्हाला सांगतो.

प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. हा धागा म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. अक्षरं अशी: ए, टी, जी आणि सी. तो मजकूर गुणसूत्रांच्या गुंडाळ्यांत विभागलेला असतो. माणसात दोन एक्स गुणसूत्रं असली तर मुलगी, एक एक्स आणि एक वाय असला तर मुलगा. पपईतही असंच आहे. मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. शिवाय पपईत तिसरा प्रकार असतो, उभयलिंगी झाड. त्याचा वाय नराच्या वायहून थोडासाच वेगळा. हवाईमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 2004 साली दाखवून दिलं की पपईचा हा वाय उत्क्रांतीच्या मापाने अगदी कोवळा आहे. त्याचा थोडासाच भाग एक्सपेक्षा वेगळा झाला आहे. आता मुद्दा असा की हा फरक फूल येण्याची वाट पाहत नाही. बी रुजतं त्या दिवसापासून तो प्रत्येक पानाच्या प्रत्येक पेशीत असतो. झाड आपल्याला सांगत नाही एवढंच.

तो वाचायचा कसा, याची कथा एका सापापासून सुरू होते. बाप्पाच्या पोटाला नागाचा पट्टा आहे, तेव्हा आज साप निघाला तर चालेल. आपल्याकडचे शास्त्रज्ञ डॉ. लालजी सिंग 1980 च्या सुमारास एडिंबरा इथे सापांच्या गुणसूत्रांवर काम करत होते. सापांत उलटं असतं, वेगळं गुणसूत्र मादीकडे. पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएत त्यांना एक मजकूर सापडला. त्यात ‘जी-ए-टी-ए’ ही चार अक्षरं पुन:पुन्हा येत होती, एखाद्या नामजपासारखी. सापांत हा जप मादीच्या त्या वेगळ्या गुणसूत्रावर दाटलेला होता. पुढे हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रात त्यांनी सापाच्या याच डीएनएच्या आधाराने डीएनए ठसे घेण्याची भारतीय पद्धत उभी केली.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आपण तिला एनसीएल म्हणतो. तिथे डॉ. प्रभाकर रांजेकर आणि डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटात पारसनीस आणि त्यांचे सहकारी पपईच्या डीएनएत असे जप शोधत होते. 1999 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की ‘जी-ए-टी-ए’च्या आवर्तनांत पपईच्या नर आणि मादी झाडांत ठळक फरक दिसतो. म्हणजे पपई आणि मण्यार यांचं काही नातं आहे असं नव्हे. ही आवर्तनं अनेक सजीवांत असतात. पण जिथे नर-मादीची गुणसूत्रं वेगळी होऊ लागतात, तिथे असे जप साचत जातात, आणि त्या साचलेल्या जागेवरून लिंग ओळखता येतं.

ही पद्धत मात्र वेळखाऊ होती. शेतकऱ्याला हजारो रोपं तपासायची असतात. म्हणून 2000 साली याच गटाने, ताम्हणकर यांच्यासह, रोपांसाठी सोपी चाचणी प्रसिद्ध केली. रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए एकाच पायरीत काढायचा. मग पीसीआर यंत्रात घालायचा. कोविडच्या वेळी हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं, तेच ते यंत्र. डीएनएचा आपल्याला हवा तेवढाच तुकडा धरून ते त्याच्या लाखो प्रती काढतं. इथे धरलेला तुकडा फक्त वायवर आहे. प्रती निघाल्या तर पट्टी दिसते, म्हणजे नर. पट्टी नाही, म्हणजे मादी.

इथे आम्ही मुलीला विचारलं, “पट्टी दिसली नाही, पण चाचणीच बिघडलेली असली तर?” ती खूश झाली. म्हणाली, “बाबा, आई, नेमकं हेच त्यांनी विचारलं होतं.” मग तिने दाराच्या बेलचं उदाहरण दिलं. आपण एखाद्याच्या दारात उभं राहून बेल दाबतो. कोणी आलं नाही. म्हणजे घरात कोणी नाही, की बेलच बंद आहे? ‘नाही’ हे उत्तर आणि उत्तरच न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुण्याच्या चाचणीत दुसरी बेल ठेवली होती. पपईच्या प्रत्येक झाडात, नर असो वा मादी, असतोच असा एक तुकडा त्याच नळीत शोधायचा. त्याची पट्टी दिसलीच पाहिजे. ती दिसली आणि वायची दिसली नाही, तर रोप खात्रीने मादी. दोन्ही दिसल्या नाहीत, तर चाचणी फसली, पुन्हा करा. आमच्या रोपवाटिकेवाल्याच्या ‘गॅरंटी’त आणि या खात्रीत फरक आहे तो एवढा. आपण कुठे चुकू शकतो, हे तिने आधीच विचारून ठेवलं आहे.

एवढं असूनही नंदुरबार-शहाद्याच्या पपईवाल्यांनी रोपांची पानं प्रयोगशाळेत नेली असं झालं नाही, आणि त्यात त्यांचं चुकलंही नाही. पपईचं बी स्वस्त, फूल चार-सहा महिन्यांत येतं. जुन्या वाणांत शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात, फुलं आली की जास्तीचे नर उपटतात आणि बागेत दहा माद्यांमागे एखादा नर परागासाठी ठेवतात. शिवाय तैवानचा ‘786’ वाण आला. त्यात नर निघतच नाही. झाड एकतर मादी, नाहीतर उभयलिंगी. प्रश्न बियाण्यातच सुटला.

मग चाचणीची खरी गरज कुठे आहे? जिथे वाट लांब आहे तिथे. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर कच्छची पिवळी-लाल खारीक येते. खजुरातही नर-मादी वेगळे. हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातले माळी नराचा तुरा हाताने मादीवर झटकत असत, कच्छचा शेतकरी आजही तेच करतो. बियांपासून केलेल्या खजुराच्या रोपाचं लिंग कळायला वर्षानुवर्षं जातात. 2011 साली कतारमधल्या शास्त्रज्ञांनी खजुराचा डीएनए वाचून नर-मादीचा फरक असलेली जागा शोधून काढली. डहाणू-पालघरच्या रस्त्यावर आपण ताडगोळे घेतो, तेही मादी ताडाचेच. ताडाला फुलायला दहा वर्षांहून अधिक लागतात. म्हणजे ताड लावणारा आणि ताडगोळा खाणारा एकच असेल याची खात्री नाही.

अडचण अशी की पपईची चाचणी कोकमाला लागू पडत नाही, आणि खजुराची जायफळाला. नर-मादी वेगळे होण्याची ही घटना वनस्पतींत एकदा घडलेली नाही, वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे अनेकदा घडली आहे. प्रत्येक झाडाने आपलं कुलूप वेगळं बनवलं, तेव्हा किल्लीही प्रत्येकाची वेगळी शोधावी लागते. एकेका झाडामागे कोणाची तरी आयुष्याची वर्षं जातात.

तोवर आपण काय करायचं? ज्यांच्या घरामागे थोडी जागा आहे त्यांना आम्ही अनुभवाने सांगतो. कोकम आणि जायफळ यांची बियांची रोपं घेऊ नका, कलमं घ्या. फळ देणाऱ्या मादीची काडी बांधलेलं कलम मादीच होतं, तिथे शंकाच नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाचे ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ असे वाण दिले आहेत. खजुराच्या बुंध्याशी येणारं पिल्लू आईचंच लिंग घेऊन येतं. पण सगळं मादीच लावून मोकळे होऊ नका, एखादा नर राहू द्या. आम्ही आमच्या पाच नरांपैकी एक ठेवला. दोन छाटून त्यांच्या नव्या फुटव्यांवर मादीची काडी बांधली. त्यातलं एक धरलं, एक वाळलं. उरलेले दोन तोडायला कोयता घेऊन गेलो आणि परत आलो. आईंनी लावलेले होते. ते अजून आहेत, सावली देतात.

आता शेवटची गोष्ट. ती बोलायची की नाही यावर आमच्या दोघांत बरीच चर्चा झाली.

1997 साली ऑक्सफर्डमध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गरोदर बाईच्या रक्तात पोटातल्या बाळाचा डीएनए तरंगत असतो. त्यात वायचा तुकडा सापडला तर मुलगा. म्हणजे पपईच्या रोपाला विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न एकच. तोच वाय, तेच यंत्र, तशीच पट्टी. फरक एवढाच की बागेत आपल्याला मादी हवी असते आणि पट्टी दिसली की रोप उपटतो. घरात पुष्कळांना पट्टीच हवी असते.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली केला, देशाचा कायदा 1994 साली झाला. तरी शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली 1991 च्या जनगणनेत 946 होत्या, 2001 ला 913 आणि 2011 ला 894. शिकलेल्या, सुधारलेल्या आपल्या राज्याचे हे आकडे आहेत.

1987 साली आमच्या घरी दुसऱ्यांदा पाळणा हलणार होता. पहिली मुलगी होती. कायदा तेव्हा नव्हता. मुंबईला गर्भजल तपासून सांगत, आणि आमच्या नात्यातल्या दोन-तीन मोठ्या माणसांनी, अगदी प्रेमाने, आम्हाला पत्ता दिला होता. आईंनी ‘जा’ म्हटलं नाही, पण ‘जाऊ नका’ असंही म्हटलं नाही. आठवडाभर घरात कोणी त्या विषयावर बोललं नाही. आम्ही फार धीट होतो असंही नाही. आम्ही फक्त गेलो नाही. पत्त्याचा कागद बरेच दिवस कपाटात होता, मग कधी टाकला तेही आठवत नाही.

जी झाली, तिनेच आईंबरोबर त्या आठ पिशव्यांत बिया लावल्या. तिनेच आम्हाला बेलचं उदाहरण दिलं. हे सगळं तिला माहीत आहे. इथे बोलण्यापूर्वी तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, “सांगा. पण चाचणीला नावं ठेवू नका. मी रोज शिकवते ती.”

तेव्हा नावं ठेवत नाही. रोप नर की मादी हे आधी कळलं असतं, तर आईंना त्यांच्या हयातीत जास्त मादी झाडं लावून देता आली असती, हे आम्हाला पटतं. शेतकऱ्याची आठ वर्षं वाचवणारं ज्ञान चांगलंच आहे. ते त्याच्यापर्यंत लवकर पोचावं, कोकमाची किल्ली कोणीतरी शोधावी, आणि ती शोधणारी आपल्यापैकी कोणाची लेक असली तर आम्हाला जास्त आनंद होईल. फक्त पोटातल्या बाळाच्या दारात ही बेल दाबायची नाही, एवढंच.

जास्त वेळ घेतला. आज पंगतीतली सोलकढी आमच्या घरामागच्या झाडांच्या आमसुलांची आहे, तीन आईंच्या आणि एक कलमाचं. कमी पडली तर मागून घ्या, आणखी करून ठेवली आहे.

गणपती बाप्पा मोरया!